वाचकांचे प्रश्न : छोटी स्क्रीन आणि विंडोंची गर्दी

या वेळच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्राम सात इंची किंवा तीन इंची स्क्रीनवर आणला, की विंडो एकमेकींवर चढतात, बटणं गायब होतात आणि वापरणारा गोंधळतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या स्क्रीनवर विंडो हलवणं, लहान-मोठी करणं, मागून पुढे आणणं ही कामं वापरणाऱ्यावर सोडायचीच नाहीत. कोणती विंडो पुढे असेल आणि ती बंद झाल्यावर काय दिसेल, हे आराखड्यातच ठरलं पाहिजे. खालची उत्तरं याच भूमिकेतून दिली आहेत.

प्रश्न (भोसरी) : आमच्या टेस्टिंग मशीनचा प्रोग्राम लिनक्सवर, क्यूटीमध्ये (विंडो आणि बटणं बनवण्याची लायब्ररी) लिहिलेला आहे. डेस्कटॉपवर तो उत्तम चालतो. सात इंची, ८०० बाय ४८० पिक्सेलच्या टचस्क्रीनवर मात्र सेटिंगच्या डायलॉगमधली (मध्येच उघडणारी छोटी विंडो) ‘ठीक’ आणि ‘रद्द’ ही बटणं स्क्रीनच्या खाली जातात. शिवाय मधूनच सगळं अडकतं, टच केलं तरी काही हलत नाही आणि मशीन बंद करून चालू करावं लागतं. ऑपरेटर हातमोजे घालून काम करतात.

उत्तर : अडकण्यापासून सुरुवात करू, कारण कामाचा खोळंबा त्यानेच होतो. पुढच्या वेळी अडकलं की मशीन बंद करू नका. यूएसबी कीबोर्ड लावून एस्केप दाबा. लगेच सुटलं, तर प्रोग्राम हँग झालेलाच नव्हता. एक मोडल डायलॉग मुख्य विंडोच्या मागे जाऊन बसला होता. मोडल म्हणजे तो बंद होईपर्यंत बाकी कुठलाही टच स्वीकारला जात नाही. तो दिसत नाही, म्हणून बंद करता येत नाही आणि मुख्य विंडो दिसते, पण ऐकत नाही. डेस्कटॉपवर खालच्या पट्टीतून तो सापडतो, तुमच्या पॅनलवर तशी पट्टी नाही.

याचं कारण बहुतेक वेळा एकाच ओळीत सापडतं. डायलॉग तयार करताना त्याला पॅरेंट विंडो, म्हणजे तो ज्या विंडोतून उघडला ती, दिलेली नसते. पॅरेंट दिली की क्यूटी विंडो मॅनेजरला (कोणती विंडो कुठे आणि कोणाच्या वर दिसेल हे ठरवणारा प्रोग्राम) कळवतं, ‘ही विंडो अमक्या विंडोची आहे, तिच्या वरच ठेव.’ ती माहितीच नसेल, तर मॅनेजर तिला स्वतंत्र विंडो समजतो आणि मुख्य विंडो पुन्हा पुढे आली की ती झाकली जाते. प्रोग्राममधला प्रत्येक डायलॉग, प्रत्येक मेसेज बॉक्स आणि फाइल निवडण्याची विंडो शोधून काढा आणि पॅरेंट दिली आहे का ते तपासा. एखादा डायलॉग दुसऱ्या डायलॉगमधून उघडत असेल, तर त्याची पॅरेंट तो दुसरा डायलॉग असली पाहिजे, मुख्य विंडो नव्हे.

आता खाली जाणारी बटणं. प्रत्येक डायलॉगला एक किमान आकार असतो आणि तो आतल्या मांडणीवरून ठरतो. ४० पिक्सेलच्या बारा ओळी एकाखाली एक लावल्या, की ४८० पिक्सेल तिथेच संपले. शीर्षकपट्टी, कडेची मोकळी जागा आणि बटणं अजून बाकीच आहेत. विंडो मॅनेजर किमान आकाराचा मान राखतो, म्हणून तो डायलॉग दाबून बसवत नाही, स्क्रीनबाहेर जाऊ देतो. २००७ साली आलेल्या ‘ई पीसी’ या छोट्या लॅपटॉपची स्क्रीन अशीच सात इंची, ८०० बाय ४८० ची होती आणि लोक आल्ट की दाबून विंडो वर ओढत बटणापर्यंत पोहोचत. शॉपफ्लोअरवर ती पळवाट नाही.

दुरुस्ती अशी करा. मजकुराचा भाग स्क्रोल एरियात टाका आणि बटणांची ओळ त्याच्या बाहेर, तळाला पक्की बसवा. स्क्रोल एरियाचा किमान आकार अगदी कमी असतो, त्यामुळे डायलॉग स्क्रीनमध्ये मावतो. पण हा तात्पुरता इलाज समजा. हातमोज्याने स्क्रोल करताना हमखास एखादा आकडा बदलला जातो. खरा उपाय म्हणजे बारा सेटिंगांचे तीन गट करून तीन वेगळी पानं करणं. एका पानावर चारच ओळी आल्या तरी चालतील.

आकार पिक्सेलमध्ये ठरवू नका, मिलिमीटरमध्ये ठरवा. सात इंची ८०० बाय ४८० च्या नेहमीच्या पॅनलचा दिसणारा भाग साधारण १५४ बाय ८६ मिमी असतो, म्हणजे एका मिलिमीटरला आडवे ५.२ आणि उभे ५.६ पिक्सेल. उघड्या बोटासाठी ९ मिमीचं बटण पुरतं, ते झालं आडवं ४७ आणि उभं ५० पिक्सेल. हातमोज्यासाठी आम्ही १५ मिमी म्हणजे आडवे ७८, उभे ८४ पिक्सेल आणि दोन बटणांत किमान २ मिमी अंतर ठेवायला सांगू. कोड लिहिण्याआधी १५४ बाय ८६ मिमीचा कागद कापा, त्यावर पेनने बटणं काढा, कागद मशीनच्या खऱ्या जागी चिकटवा आणि ऑपरेटरला हातमोजा घालूनच दाबून पाहायला सांगा. कोणतं बटण चुकतंय ते लगेच दिसेल. स्क्रीन कपॅसिटिव्ह (फोनसारखी, बोटाचा नुसता स्पर्श ओळखणारी) असेल आणि हातमोजे जाड असतील, तर टच मुळात नोंदलाच जाणार नाही. तिथे रेझिस्टिव्ह (दाबाने चालणारी) स्क्रीन किंवा हातमोज्यांना साथ देणारा टच कंट्रोलर घ्यावा लागतो. ही तपासणी खरेदीच्या आधी करा.

शेवटी, या मशीनवर पूर्ण डेस्कटॉप चालवायची गरजच नाही. एक्सवर (लिनक्सची जुनी विंडो सिस्टीम) असाल तर मॅचबॉक्स हा विंडो मॅनेजर हातात मावणाऱ्या उपकरणांसाठीच बनवलेला आहे. तो एका वेळी एकच मुख्य विंडो पूर्ण स्क्रीनवर दाखवतो आणि डायलॉग तिच्यावर ठेवतो. वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी सिस्टीम) केज किंवा वेस्टनचं कियॉस्क शेल वापरा, दोन्ही एकच प्रोग्राम पूर्ण स्क्रीनवर चालवण्यासाठी आहेत. कियॉस्क शेलमध्ये पॅरेंट असलेला डायलॉग मध्यभागी दिसतो आणि पॅरेंट नसलेली विंडो सरळ पूर्ण स्क्रीन व्यापते. त्यामुळे वर सांगितलेली चूक राहिली असेल, तर इथे ती पहिल्याच दिवशी उघडी पडते. हा आम्हाला फायदाच वाटतो. विंडो सिस्टीम अजिबात नको असेल, तर क्यूटीचं ईजीएलएफएस आहे, पण त्यावर ओपनजीएलने (ग्राफिक्स रंगवण्याची पद्धत) रंगवलेली एकच विंडो चालते. दुसरी उघडायला गेलात तर प्रोग्राम बंद पडतो. क्यूटी क्विक या क्यूटीच्याच भागातले पॉपअप त्याच विंडोत रंगवले जातात, म्हणून ते चालतात.

प्रश्न (कोथरूड) : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि तपकीर गल्लीतून आणलेली २.८ इंची, ३२० बाय २४० ची स्क्रीन (आयएलआय९३४१ कंट्रोलर, एसपीआय म्हणजे मोजक्या तारांवरून एकेक बिट पाठवणारी जोडणी) वापरतो आहे. बोटाने सरकवता येतील अशा छोट्या विंडो करायच्या आहेत. पण विंडो हलवली की स्क्रीन लुकलुकते.

उत्तर : आधी हिशोब पाहा. ३२० गुणिले २४० म्हणजे ७६,८०० पिक्सेल. प्रत्येकी १६ बिट रंग धरला तर पूर्ण चित्र १,५३,६०० बाइट. एसपीआय ४० मेगाहर्ट्झवर चालत असेल, तर एवढा डेटा पाठवायला सुमारे ३१ मिलिसेकंद लागतात. म्हणजे बाकी काहीच काम नसलं तरी सेकंदाला जेमतेम ३२ चित्रं. चित्र तयार करायला लागणारा वेळ यात धरलेला नाही.

लुकलुकण्याचं कारण मात्र वेग नाही, रंगवण्याचा क्रम आहे. तुमचा कोड बहुधा जुन्या जागेवर पार्श्वभूमीचा रंग भरतो, मग मागची विंडो काढतो, मग पुढची. ही तिन्ही कामं थेट स्क्रीनवर होत असल्याने मधल्या दोन अवस्थाही डोळ्यांना दिसतात. त्याऐवजी बदललेल्या भागाचं चित्र आधी मेमरीतल्या बफरमध्ये पूर्ण तयार करा आणि मग एकदाच पाठवा. पूर्ण स्क्रीनचा बफर ठेवायची गरज नाही. ईएसपी३२ मध्ये ५२० किलोबाइट रॅम असली, तरी वायफाय चालू केल्यावर दीड लाख बाइटचा सलग तुकडा मिळेलच असं नसतं. स्क्रीनच्या एक दशांश, म्हणजे २४ ओळींचा बफर १५,३६० बाइटचा होतो. असे दोन घ्या. एक डीएमएने (प्रोसेसरला न गुंतवता डेटा पाठवण्याची सोय) स्क्रीनकडे जात असताना दुसऱ्यात पुढची पट्टी तयार होते. एलव्हीजीएल ही छोट्या बोर्डांसाठीची ग्राफिक्स लायब्ररी, डीएमएने पाठवणं सोडून, हे सगळं स्वतः सांभाळते आणि बदललेला भाग तेवढाच पुन्हा रंगवते, तीच वापरा.

आता सरकवण्याबद्दल स्पष्ट सांगतो : ते काढून टाका. या स्क्रीनचा दिसणारा भाग ५७.६ बाय ४३.२ मिमी आहे. बोटाने पकडता येईल अशी शीर्षकपट्टी ९ मिमीची हवी, म्हणजे उंचीचा पाचवा हिस्सा फक्त विंडो धरण्यासाठी गेला. विंडो सरकवून मागचं पाहण्याइतकी जागाही इथे नाही. त्याऐवजी एका कामाला एक पूर्ण स्क्रीन ठेवा. वर २४ पिक्सेलची माहितीपट्टी असू द्या, तिला टच नको. खाली ५० पिक्सेलची बटणांची ओळ. मध्ये १६६ पिक्सेल उरतात, त्यात ५० पिक्सेलच्या तीन ओळी बसतात. तुमच्या कामाला चौथी ओळ लागत असेल, तर दुसरी स्क्रीन करा.

एलव्हीजीएलमध्ये स्क्रीन बदलताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते. नवी स्क्रीन लोड केली म्हणून जुनी मेमरीतून जात नाही. दर वेळी नवी तयार करत राहिलात, तर काही तासांनी मेमरी संपून बोर्ड रीसेट होतो आणि प्रदर्शनात परीक्षकांसमोर नेमकं तेच घडतं. रोज लागणाऱ्या दोन-तीन स्क्रीन सुरुवातीलाच बनवून कायम ठेवा. क्वचित लागणाऱ्या स्क्रीनवरून बाहेर पडताना स्क्रीन बदलण्याच्या फंक्शनला ‘जुनी आपोआप काढून टाक’ हा पर्याय द्या. काढून टाकलेल्या स्क्रीनवरचं लेबल एखादा टायमर अजून अपडेट करत असेल, तर तिथेही क्रॅश होतो. म्हणून स्क्रीन काढण्याआधी तिचा टायमर थांबवा. वायफाय तुटल्याची सूचना सगळ्या स्क्रीनवर दिसायला हवी असेल, तर ती प्रत्येक स्क्रीनवर वेगळी लिहू नका. एलव्हीजीएलचा वरचा थर त्यासाठीच आहे. स्क्रीन बदलली तरी तो जागेवर राहतो.

प्रश्न (हडपसर) : शीतगृहाच्या कंट्रोल पॅनलवर पाच इंची स्क्रीन आहे. वीज जाऊन आली की दहा-बारा सूचना एकावर एक उघडतात. माणूस न वाचताच ‘ठीक, ठीक’ करत सुटतो आणि खोलीचं तापमान वाढल्याची खरी सूचनाही त्यातच बंद होते. काय करावं?

उत्तर : हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात माल खराब होतो आणि दोष मात्र ऑपरेटरच्या माथी येतो. सूचनेसाठी विंडो उघडणं ही मूळ चूक आहे. विंडो फक्त तेव्हाच उघडावी, जेव्हा माणसाने निर्णय घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ‘वीज परत आली’, ‘कॉम्प्रेसर सुरू झाला’, ‘नेटवर्क जोडलं गेलं’ या घटना आहेत. त्या वेळेसह नोंदवहीत जाव्यात आणि वरच्या पट्टीत एक आकडा दिसावा, बस्स.

सूचनांच्या तीन पातळ्या करा. पहिली फक्त नोंद होणारी. दुसरी पट्टीवर रंगासह दिसणारी आणि कारण दूर झाल्यावर आपोआप जाणारी. तिसरी पूर्ण स्क्रीन व्यापणारी, आणि तिच्यात तापमान मर्यादेबाहेर जाणं यासारखी दोन-चार कारणंच असावीत. तिसऱ्या पातळीच्या सूचना एकावर एक रचू नका. त्यांची रांग करा, एका वेळी एकच दाखवा आणि कोपऱ्यात ‘३ पैकी १’ असं लिहा. त्यावरच्या बटणावर ‘ठीक’ असू नये, करायची कृती असावी : ‘भोंगा थांबवा’, ‘खोली २ पाहा’. भोंगा थांबवला म्हणून सूचना गेली असं होता कामा नये. तापमान पूर्ववत होईपर्यंत ती पट्टीवर लाल राहिलीच पाहिजे.

वीज आल्यावरचा लोंढा वेगळाच आवरावा लागतो. सगळे सेन्सर एकाच वेळी जागे होतात आणि पहिली काही मोजमापं चुकीची येतात. सुरुवातीचे ठरावीक सेकंद (किती, ते तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकावरून ठरवा) दुसऱ्या पातळीच्या सूचना रोखून धरा आणि मग जे उरलं तेवढंच दाखवा. वीज किती वेळ गेली होती आणि त्या काळात तापमान कुठपर्यंत चढलं, एवढं एका ओळीत दाखवलंत, तर दहा सूचनांपेक्षा जास्त कळतं.

आणखी एक बारकावा. माणूस एखादं बटण दाबायला बोट खाली आणत असतो आणि नेमक्या त्याच क्षणी सूचना उघडते. टच सूचनेच्या बटणावर पडतो आणि न दिसलेली सूचना बंद होते. म्हणून कुठलीही विंडो आपोआप उघडली, की पहिले ४०० ते ५०० मिलिसेकंद तिच्यावरचे टच दुर्लक्षित करा. बोट आधीपासून टेकलेलं असेल, तर ते उचलून पुन्हा टेकेपर्यंत थांबा. काही ओळींचं काम आहे, पण ते नसेल तर बाकीच्या पातळ्या पाडून उपयोग नाही.

प्रश्न (सिंहगड रोड) : नाव-पत्ता भरायच्या फॉर्ममध्ये कीबोर्ड वर आला की ज्या चौकटीत लिहायचं तीच झाकली जाते. अँड्रॉइड टॅबलेट आणि लिनक्स पॅनल, दोन्हीकडे हेच.

उत्तर : कीबोर्ड म्हणजे वर तरंगणारी विंडो, असं धरून चालल्यामुळे हे होतं. कीबोर्ड आला की उपलब्ध स्क्रीनच लहान झाली, असं प्रोग्रामला कळायला हवं. ४८० पिक्सेल उंचीत ५२ च्या चार ओळी म्हणजे २०८ पिक्सेल कीबोर्डला गेले, ४० वरच्या पट्टीला. उरलेल्या २३२ मध्ये फॉर्म पुन्हा मांडा आणि चालू चौकट तिच्या शीर्षकासह दिसेल इतका स्क्रोल करा. सगळी विंडो नुसती वर ढकलली, तर शीर्षक आणि ‘जतन’ बटण दिसेनासं होतं. लिनक्सवर कीबोर्ड डॉक प्रकारची विंडो म्हणून नोंदवला आणि त्याने तळाची जागा राखून ठेवली, की विंडो मॅनेजर बाकीच्यांचा आकार कमी करतो. अँड्रॉइडवर पूर्वी ॲपच्या सेटिंगमध्ये ‘ॲडजस्ट रिसाइझ’ लिहिलं की भागायचं. अँड्रॉइड १५ साठी बनवलेल्या ॲपमध्ये मजकूर कडेपासून कडेपर्यंत पसरतो, त्यामुळे कीबोर्डची उंची विंडो इनसेटमधून (कडेची किती जागा व्यापली आहे ते सांगणारी माहिती) वाचून तेवढी जागा तुम्हालाच सोडावी लागते. जुना कोड नव्या टॅबलेटवर बिघडला असेल, तर पहिला संशय इथेच घ्या.

जिथे आकडेच हवेत, तिथे पूर्ण कीबोर्ड आणूच नका. तीन रकान्यांचा, चार ओळींचा आकडेफलक पुरेसा आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्टच्या (भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) एका ओळीत तेरा कळा धरल्या, तर सात इंची स्क्रीनवर प्रत्येकी ६१ पिक्सेल, सुमारे १२ मिमी मिळतात. ते ठीक आहे. ३२० पिक्सेलच्या स्क्रीनवर त्याच कळा साडेचार मिमीच्या होतात, तिथे बोट चालत नाही. अशा वेळी आपल्या वर्णमालेचाच आधार घ्या. क, च, ट, त, प ही पाच बटणं ठेवा. एक दाबलं की त्या वर्गातली पाच अक्षरं उघडतील. य ते ळ आणि स्वर-काने यांना वेगळी दोन बटणं द्या. दोन टचमध्ये एक अक्षर होतं, वेग कमी आहे, पण चूक होत नाही.

प्रश्न (सदाशिव पेठ) : बटणांवरचं मराठी वरून-खालून कापलं जातं आणि छोट्या बोर्डवर तर ‘कि’ मधली वेलांटी क च्या नंतर येते.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कापलं जातं, कारण बटणाची उंची इंग्रजी अक्षरं पाहून ठरवलेली असते. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवा आणि ‘दर्जा’, ‘वर्षी’, ‘गुरुत्व’, ‘क्रूर’, ‘चिठ्ठ्या’ हे शब्द घालून तपासा. फक्त ‘नाव’ आणि ‘घर’ घालून तपासलं, तर सगळं बरोबरच दिसणार.

वेलांटीचं कारण वेगळं. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. स्क्रीनवर तिला अलीकडे आणणं, जोडाक्षर बांधणं हे काम शेपिंग इंजिन करतं. क्यूटी आणि जीटीके (तशीच दुसरी लायब्ररी) यांच्यात त्यासाठी हार्फबझ हे इंजिन असतं. एलव्हीजीएलमध्ये देवनागरीची अशी सोय नाही, म्हणून पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. ठरलेली लेबलं संगणकावर नीट शेपिंग करून चित्ररूपात तयार करा आणि फ्लॅशमध्ये ठेवा. १२० बाय २८ पिक्सेलचं एक लेबल ८ बिट अल्फामध्ये (दर पिक्सेलला एक बाइट) ३,३६० बाइट घेतं. शंभर लेबलांचे ३,३६,००० बाइट होतात, ते ४ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये आरामात मावतात. बदलणारे असतात ते आकडे, आणि ० ते ९ ला शेपिंग लागत नाही. ते साध्या फॉन्टने छापा. देवनागरी संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या जिस्ट गटात झालं. त्याच शहरात बनलेल्या यंत्रावर ‘क ि’ असं तुटलेलं अक्षर ग्राहकापुढे जाऊ देऊ नका.

प्रश्न (चिंचवड) : स्क्रीन उलटी बसवावी लागली. चित्र फिरवलं, पण आता टच विरुद्ध कोपऱ्यात लागतो.

उत्तर : चित्र आणि टच ही दोन वेगळी उपकरणं आहेत. एक फिरवलं म्हणून दुसरं फिरत नाही. एक्सवर टचच्या कोऑर्डिनेट ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्समध्ये (टचची जागा स्क्रीनवर कुठे धरायची ते ठरवणारी सेटिंग) १८० अंशांसाठी हे नऊ आकडे द्या : -१ ० १, ० -१ १, ० ० १. स्क्रीन रेझिस्टिव्ह असेल तर फिरवल्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे टच आणि चित्र जुळतात का, ते पुन्हा तपासा. आणि ही सेटिंग कायमच्या फाइलमध्ये लिहा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला टच पुन्हा उलटा होईल.